दादांनी पाठपुरावा केला आहे

आमच्या गावात उमेदवाराच्या कारकिर्दीची चौकशी रोज होते. सकाळी दूध आणायला गेलेला माणूस करतो, सलूनमध्ये तोंडाला फेस लावून बसलेला करतो, आणि एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर तर ती कटिंगबरोबर फुकट मिळते. कुठला प्लॉट कुणाच्या नावावर आहे, गटाराच्या कामातलं सिमेंट कुणाच्या स्लॅबला गेलं, कुणाच्या दारात कुठल्या टेंडरनंतर नवी गाडी आली, हे सगळं तिथे तारीखवार सांगितलं जातं. चौकशी इतकी सखोल असते की एखाद्या आयोगाने येऊन शिकून जावं. तिच्यात एकच उणीव आहे. ती उमेदवारासमोर कधी होत नाही. उमेदवार हात जोडून दारात उभा राहिला की याच मंडळींच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "या दादा, चहा टाकू का?"

दादा म्हणजे आमच्या प्रभागाचे उमेदवार. त्यांचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक प्रभागात एक दादा असतातच. नसले तर भाऊ, अण्णा किंवा आबा असतात. कपाळाला ताजा गुलाल, गळ्यात उपरणं, मागे वीसपंचवीस पोरं आणि पोरांच्या मागे त्यांच्या वडापावचा हिशेब ठेवणारा एक जण. दादा एकदा नगरसेवक होते. त्यानंतर फ्लेक्सवर ते बरीच वर्षं 'माजी' होते आणि एका वाढदिवसाला अचानक 'भावी' झाले.

मतदार काही विचारत नसला तरी सरकार मात्र उमेदवाराला पुष्कळ विचारतं. वय एकवीस पूर्ण आहे का? मतदारयादीत नाव आहे का? १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल तर झालं नाही ना? घरात शौचालय आहे का, आणि ते वापरता का? घरपट्टी, पाणीपट्टी थकलेली नाही ना? जागा राखीव असेल तर जातीचा दाखला, पडताळणीची पावती, शिवाय सूचकाची सही आणि अनामत रक्कम. एवढ्या सगळ्या प्रश्नांत 'पालिकेचं अंदाजपत्रक कधी उघडून पाहिलंय का?' हा प्रश्न कुठेच नाही. शासनाच्या हिशेबाने दोन अपत्यांचा, शौचालय वापरणारा आणि थकबाकी नसलेला माणूस शहर चालवायला लायक असतो. या हिशेबाने आमची अर्धी गल्ली लायक आहे. उरलेली अर्धी फक्त थकबाकीवर अडते.

तरी या चौकशीचा पालिकेला मोठा फायदा होतो. एरवी वसुलीचा कारकून पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरत असतो आणि मोठ्या थकबाकीदारांचे साहेब कायम बाहेरगावी गेलेले असतात. मार्चअखेर जवळ आला की त्यांच्या दारात ढोल वाजवायचीही वेळ येते. अर्ज भरण्याच्या आठवड्यात मात्र हेच साहेब स्वतः वसुलीच्या खिडकीसमोर रांगेत उभे असतात, सुटे पैसे घेऊन. दाखला हातात पडेपर्यंत ते कारकुनाला 'साहेब' म्हणतात. या कारकुनाचं म्हणणं असं की निवडणूक दरवर्षी घ्यावी, सरकारकडे अनुदान मागायची गरज उरणार नाही.

मग येतं प्रतिज्ञापत्र. उमेदवारावर गुन्हे कोणते, मालमत्ता किती, कर्ज किती, शिक्षण किती, हे जाणून घेण्याचा मतदाराला हक्क आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी दिला. एरवी चहा गोड असावा की अगोड यावरही एकमत न होणाऱ्या आपल्या पक्षांचं या निकालावर लगेच एकमत झालं आणि त्यांनी कायदाच बदलून टाकला. मार्च २००३ मध्ये न्यायालयाने तो बदलही मोडीत काढला. तेव्हापासून ही माहिती उघडी आहे. दिल्लीत सुरू झालेली ही पद्धत आमच्या 'ब' वर्ग नगरपालिकेपर्यंत येऊन पोचली आहे.

दादांचं प्रतिज्ञापत्र मी मन लावून वाचलं. मराठीत हल्ली चांगल्या रहस्यकथा लिहिल्या जात नाहीत अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांनी ते जरूर वाचावं. व्यवसाय: शेती व समाजसेवा. आमच्या तालुक्यात सोयाबीनला भाव नाही, कांद्याचे पैसे निघत नाहीत, उसाचं बिल कारखान्यात अडकलेलं असतं. दादांची शेती मात्र दर पाच वर्षांनी दुप्पट पिकते. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नसल्यामुळे या पिकावर कीडही पडत नाही. पुढची ओळ, वाहन: निरंक. ही ओळ लिहून दादा ज्या पांढऱ्या गाडीतून निवडणूक कार्यालयात उतरले तिचा नंबर गल्लीतल्या पोरासोरांना पाठ आहे. गाडी मेव्हण्याची. मेव्हणा रिक्षाने फिरतो. सोनं वहिनींचं आहे, वहिनी म्हणतात माहेरचं आहे, आणि माहेर म्हणजे पुन्हा मेव्हणाच. त्याशिवाय देण्यांच्या रकान्यात 'नातेवाइकांकडून हातउसने' अशी एक जाडजूड रक्कम दिसते. ज्याच्याकडून उसने घेतले त्याच्या पायात प्लास्टिकची चप्पल असते, हे ज्याने त्याने ताडून घ्यायचं.

हे सगळं तपासतं कोण? २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रतिज्ञापत्रातला रकाना रिकामा सोडता येणार नाही; सांगूनही भरला नाही तर अर्ज बाद होऊ शकतो. तेव्हापासून कुणी रकाना रिकामा सोडत नाही. सगळे 'निरंक' लिहितात. छाननीच्या टेबलामागचा अधिकारी रकाना भरला आहे की नाही तेवढं बघतो. खरा भरला आहे की नाही हे बघणं त्याचं काम नाही. ते आपलं काम आहे. आणि आपण तर चहा टाकायला आत गेलेलो असतो.

गुन्ह्यांचा रकाना मात्र दादांनी अभिमानाने भरला आहे. जमावबंदी मोडली, रस्ता अडवला, सरकारी कामात अडथळा आणला. 'जनतेसाठी अंगावर घेतलेल्या केसेस' असं ते भाषणात म्हणतात आणि पोरं शिट्ट्या वाजवतात. त्या यादीत खाली, बारीक अक्षरात, एक चेक न वटल्याची केसही आहे. जनतेसाठी चेक कसा बाउन्स होतो, असं आमच्या निवृत्त हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा दादा गंभीर झाले. म्हणाले, "मास्तर, तो विरोधकांनी बाउन्स करायला लावला. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, जास्त बोलणं बरं नाही."

कायद्याने पाहिलं तर दादांचं काही चुकत नाही. खटला चालू असल्याने कुणाची उमेदवारी जात नाही, दोषी ठरून शिक्षा व्हावी लागते, आणि आपल्याकडे निकाल लागेपर्यंत आरोपी, फिर्यादी आणि साक्षीदार एकाच पक्षात आलेले असतात. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोकसभा-विधानसभेपुरतं पक्षांना बजावलं की गुन्हे असलेल्याला तिकीट देणार असाल तर का दिलं ते जाहीर करा, आणि 'निवडून येण्याची क्षमता' हे कारण चालणार नाही. पक्षांची केवढी पंचाईत झाली असेल! जे एकच खरं कारण होतं, तेवढंच सांगायची बंदी.

आता कागद बाजूला ठेवून कामांकडे वळू. 'दादा, तुम्ही केलं काय?' या प्रश्नाला दादांकडे एकच उत्तर आहे आणि ते अभेद्य आहे. "पाठपुरावा केला." पाण्याची टाकी? पाठपुरावा केला. स्मशानभूमीचं शेड? पाठपुरावा चालू आहे. उपजिल्हा रुग्णालयाला डॉक्टर? मंत्रालयापर्यंत पाठपुरावा केला, फाइल साहेबांच्या टेबलावर आहे. केलेलं काम माणसाला पाहता येतं, मोजता येतं, पहिल्या पावसात त्याला खड्डे पडतात. पाठपुराव्याला खड्डे पडत नाहीत. त्याची निविदा निघत नाही, त्याचं बिल निघत नाही, त्याचं लेखापरीक्षण होत नाही.

नशीबही दादांच्या बाजूने उभं राहिलं. २०२२च्या सुमारास राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांची मुदत संपली, ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात जाऊन बसला आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. पुन्हा मतदान व्हायला डिसेंबर २०२५ उजाडला. मधल्या या वर्षांनी कारकिर्दीचा हिशेब अगदी सोपा करून टाकला. जे बिघडलं ते प्रशासकाने बिघडवलं. जे झालं ते दादांच्या पाठपुराव्याने झालं.

आमच्या घरासमोरचा रस्ता घ्या. तो अमृत योजनेच्या पाइपलाइनसाठी उकरला, नगरोत्थानच्या निधीतून काँक्रीटचा केला, आणि काँक्रीट वाळतंय न वाळतंय तोच भुयारी गटारासाठी मधोमध चिरला. रस्ता एक आणि त्यावर फ्लेक्स चार: खासदारांच्या प्रयत्नांतून, आमदारांच्या विशेष प्रयत्नांतून, माजी नगराध्यक्षांच्या अथक प्रयत्नांतून आणि दादांच्या सततच्या पाठपुराव्यातून. उकरल्यावर मात्र एकाचाही फ्लेक्स दिसला नाही. हेडमास्तरांनी चौघांनाही विचारलं, "रस्ता तुम्ही केला, तर मग फोडला कुणी?" चौघांचंही उत्तर एकच आलं. ठेकेदाराने. ठेकेदार कोण, हा पुढचा प्रश्न होता. नगरपरिषदांच्या १९६५च्या अधिनियमाप्रमाणे नगरसेवकाचा पालिकेच्या ठेक्यात स्वतःचा किंवा भागीदाराचा हितसंबंध असता कामा नये. दादांनी हा कायदा तंतोतंत पाळला आहे. मेव्हणा हा भागीदार नसतो, नातेवाईक असतो.

निष्ठेच्या बाबतीतही दादांवर बोट ठेवायला जागा नाही. पूर्वी कार्यकर्ता पक्ष बदलायचा, तेव्हा त्याला जाब विचारता यायचा. २०२२ आणि २०२३ मध्ये राज्यातले दोन मोठे पक्ष मधोमध दुभंगले आणि हा प्रश्नच मिटला. "मी कुठे गेलो?" दादा विचारतात. "मी होतो तिथेच आहे, पक्षच इकडचा तिकडे झाला." नगरसेवकांच्या पक्षांतराला आळा घालणारा १९८६चा कायदा राज्यात आहे. त्यावर आमच्याकडे फार जुना उपाय आहे: शहर विकास आघाडी. आघाडीला विचारसरणी नसते, त्यामुळे ती सोडण्याचा आरोप करता येत नाही. चिन्ह कधी नारळ मिळतं, कधी शिट्टी, कधी कपबशी. मतदारही पक्षाचं नाव विचारत नाही, 'या वेळेला काय आहे?' एवढंच विचारतो.

प्रभागातली दुसरी जागा महिलांसाठी राखीव आहे, आणि तिथे पॅनेलमधून ताई उभ्या आहेत. २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या झाल्या. त्यामुळे प्रश्न ताईंना विचारायचे असतात आणि उत्तरं ताईंचे यजमान देतात. फ्लेक्सवर ताई नमस्कार करतात, यजमान मोबाइलवर बोलत दूर कुठेतरी भविष्याकडे बघत असतात. प्रचारफेरीत आमच्या शेजारच्या आजींनी ताईंना विचारलं, "पाणी दिवसाआड का येतं गं?" यजमान पुढे सरसावून म्हणाले, "आजी, पाठपुरावा..." तेवढ्यात ताई म्हणाल्या, "टाकीचा व्हॉल्व्ह खराब आहे, दोन वर्षं झाली. नवा आणलाय, गोडाऊनमध्ये पडलाय. बसवायचं बिल कुणाच्या नावाने काढायचं यावर भांडण आहे." सगळी फेरी गप्प झाली. त्या दिवसापासून ताईंना घशाचा त्रास सुरू झाला असं यजमान सांगतात. डॉक्टरांनी निकाल लागेपर्यंत बोलायला मनाई केली आहे.

खरं तर नगरसेवकाची कारकीर्द जिथे लिहिलेली असते ते ठिकाण टपरी नव्हे आणि फ्लेक्सही नव्हे. ते म्हणजे सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त. कुणी कुठला ठराव मांडला, कुणी अनुमोदन दिलं, कुणी विरोध केला, सगळं तिथे असतं. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात यायचे होते. त्यांच्या स्वागतासाठी पुणे नगरपालिकेने हजार रुपये खर्चायचं ठरवलं. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं म्हणून एकाच सभासदाने विरोध केला. त्याचं नाव जोतीराव फुले. बाकीच्या सगळ्यांनी हात वर केले, आणि त्यांतल्या एकाचंही नाव आज आपल्याला सांगता येणार नाही. विशेष म्हणजे जोतीराव बांधकामाची कंत्राटं घेत असत. म्हणजे ठेकेदार असणं हा दोष नाही. मेव्हण्याच्या नावाने ठेकेदार असण्यातच काहीतरी गोम असावी.

हेडमास्तरांनी आमच्या पालिकेचं इतिवृत्त मागवलं. माहिती अधिकारात ते अवघड नाही: साधा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि तीस दिवसांची मुदत. कागद हाती आले तेव्हा असं दिसलं की दादा सभांना नियमित हजर होते, सही ठळक आहे, आणि जवळजवळ प्रत्येक ठरावाचे अनुमोदक तेच आहेत. उद्यानाची जागा भाड्याने द्यायची, अनुमोदक दादा. कचऱ्याच्या ठेक्याला मुदतवाढ, अनुमोदक दादा. आणि घरपट्टीवाढीच्या ठरावालाही अनुमोदक दादाच. आता ऐका गंमत. याच घरपट्टीवाढीविरुद्ध पुढच्या आठवड्यात दादांनी पालिकेवर मोर्चा नेला होता, मुख्य रस्ता अडवला होता, आणि प्रतिज्ञापत्रातली पहिली केस ती हीच. म्हणजे सभागृहात हात वर केला तो पालिकेसाठी, रस्त्यावर मूठ वर केली ती जनतेसाठी. एकाच माणसाने दोन्ही बाजू लढवायच्या, तर याहून जास्त कष्ट ते कोणते?

हा कागद हाती आल्यावर गल्लीने ठरवलं, बस, आता दादांना समोरासमोर विचारायचं. चौकात कोपरा सभा लागली. दादांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "आज भाषण नाही. आज तुम्ही विचारा, मी उत्तर देतो. मी तुमचा सेवक आहे." टाळ्या झाल्या. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काका उठले. त्यांनी घरून लिहून आणलं होतं. "दादा, उद्यानासाठी राखीव असलेल्या जागेवर मंगल कार्यालय कसं उभं राहिलं?"

दादांनी मान डोलावली. "काका, फार महत्त्वाचा प्रश्न विचारलात. त्याच्यावर मी येतोच. पण तुमच्या जिन्याखालची ती खोली नियमित करून घ्यायची राहिलीय ना अजून? परवा नगररचनावाले नावं काढत होते, मी म्हटलं ते काका आपल्या घरातलेच, त्यांची फाइल खाली ठेवा. तेवढं बघून घेऊ आपण." काकांनी कागदाची घडी केली आणि ते खाली बसले.

मग किराणा दुकानदार उठले. कचऱ्याच्या ठेक्याबद्दल त्यांना विचारायचं होतं. दादा हसले. "शेठ, बोला ना. बाकी तुमच्या दुकानापुढचा पत्रा छान झालाय. फक्त गटारावरून दोन फूट पुढे आलाय, अतिक्रमणची गाडी त्या बाजूने येते तेव्हा मला एक फोन करत जा." शेठना अचानक गिऱ्हाईक आलं. दिवसाआड येणाऱ्या पाण्याबद्दल विचारायला उठलेल्या वहिनींना दादा म्हणाले, "वहिनी, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. आणि नळाला ती मोटर लावता ना, ती जरा उशिराने लावत जा. आजूबाजूचे लोक नाव घेतात. मी त्यांना समजावतो, पण लोकांचं तोंड कोण धरणार?"

यात कुठेही दमदाटी नव्हती. एक शब्द चढा नव्हता. उलट आवाजात इतकी माया होती की शेजारच्या सभेतली माणसं ऐकायला आली. पण हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की इथे रेकॉर्ड एकाचं नाही, दोघांचं आहे. दादांचं प्रतिज्ञापत्र आयोगाच्या वेबसाइटवर असतं, आमचं दादांच्या डोक्यात असतं. त्यांचं पाच वर्षांनी एकदा भरलं जातं, आमचं रोज अद्ययावत होतं. आणि आमच्या प्रतिज्ञापत्रात एकही रकाना निरंक नाही.

हे खातं दादांनी चोरून उघडलेलं नाही, आम्हीच उघडून दिलं आहे. जन्माचा दाखला हवा, दादांना फोन. नळजोडणी हवी, दादांना फोन. पोराला इंग्रजी शाळेत प्रवेश, सासऱ्यांच्या दवाखान्याच्या बिलात सवलत, पोलीस ठाण्यातून भाच्याची सुटका, सगळ्याला दादांचाच फोन. २०१५च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने यातल्या कितीतरी गोष्टी ठरलेल्या मुदतीत हक्काने मिळतात, त्यासाठी 'आपले सरकार' नावाचं पोर्टलही आहे. पण पोर्टलला ओटीपी लागतो आणि दादांना नुसती हाक पुरते. पोर्टल बहिणीच्या लग्नात पंगतीला उभं राहत नाही. हक्काने मिळणारी वस्तू आम्ही उपकार म्हणून घेतली आणि दादांनी ती उपकार म्हणून लिहून ठेवली, एवढाच काय तो व्यवहार.

म्हणूनच आमच्याकडे उमेदवार प्रामाणिक आहे का, या प्रश्नाची उत्तरं ऐकण्यासारखी असतात. "खातो, पण कामं करतो." "खातो, पण एकटा खात नाही." "पैसे घेतले तर काम करणारच, शब्दाचा पक्का." एकाने तर मला कानात सांगितलं, "आमचे दादा फार प्रामाणिक हो. मागच्या वेळी घरात पाच मतं होती, पाचही पाकिटं आली. समोरच्या पार्टीने चारच पाठवली, म्हणे आजींचं नाव यादीत सापडलं नाही. असल्या लबाड माणसाच्या हाती गाव कसं द्यायचं?" मी विचारलं, मग मत कुणाला दिलंत? त्यांना माझा प्रश्न लागला. "पाकिटं दोघांची घेतली, पण मत सदसद्विवेकाने दिलं. विकलं नाही."

पुन्हा सभेकडे येऊ, कारण हेडमास्तर अजून उरले होते. मास्तर ही आमच्या गल्लीतली एकमेव निरंक व्यक्ती. घरपट्टी एप्रिलमध्ये भरतात, पावती फाइलला लावतात. घराला गॅलरी नाही, नळाला मोटर नाही, पोरं पुण्याला स्वतःच्या मार्कांवर लागली आहेत. ते उठले, इतिवृत्ताची प्रत वर धरली आणि स्वच्छ आवाजात विचारलं, "घरपट्टीवाढीच्या ठरावाला अनुमोदन तुमचं आहे की नाही? हो किंवा नाही, एवढंच सांगा."

सभा श्वास रोखून बसली. दादा मास्तरांकडे बघत राहिले. त्यांची नजर आत कुठेतरी भराभर पानं उलटत होती. गॅलरी नाही, मोटर नाही, भाचा नाही, काहीच नाही. मग दादा व्यासपीठावरून खाली उतरले, गर्दीतून वाट काढत मास्तरांपर्यंत गेले आणि भर चौकात त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. "सातवीला यांनी शिकवलं म्हणून हा दादा आज इथे उभा आहे!" पोरांनी शिट्ट्या मारल्या, फटाके लागले, कुणीतरी हार आणला. पाया पडलेल्याला आशीर्वाद द्यायचा ही मास्तरांची पन्नास वर्षांची सवय. त्यांच्या तोंडून 'यशस्वी हो' निघून गेलं. रात्रीपर्यंत सगळ्या गावाच्या मोबाइलवर रील फिरत होतं: गुरुजींचा आशीर्वाद, दादांचा विजय निश्चित. इतिवृत्ताची प्रत त्यात स्पष्ट दिसते. पाहणाऱ्याला वाटतं, मास्तरांनी दादांना मानपत्र दिलं.

मतदान २ डिसेंबरला झालं. मोजणी दुसऱ्या दिवशी व्हायची ती न्यायालयाच्या आदेशाने २१ तारखेवर गेली. त्या मधल्या काळात आमच्या गावातले सगळे उमेदवार विजयी होते, सगळ्यांनी गुलालाची ऑर्डर दिली होती, आणि कुणालाही कुणी काही विचारत नव्हतं. नंतर दादा निवडून आले. मास्तरांच्या आशीर्वादाने आले, असं ते अजून सांगतात.

दुसरा उमेदवार नव्हता असं मात्र नाही. यंत्रावर सगळ्यात खाली 'वरीलपैकी कोणीही नाही' होता. २०१३ पासून तो देशभर उभा राहतो. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने तर २०१८ साली त्याला जवळपास खऱ्या उमेदवाराचा मान दिला: स्थानिक निवडणुकीत सर्वांत जास्त मतं त्याला पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. त्याच्यावर एक केस नाही, त्याला शेती नाही, मेव्हणा नाही, त्याने आजवर कुठल्याही घरपट्टीवाढीला अनुमोदन दिलेलं नाही. मुख्य म्हणजे काकांच्या जिन्याखाली काय आहे, शेठचा पत्रा कुठवर आलाय आणि वहिनी मोटर कधी लावतात, यातलं त्याला काहीही ठाऊक नाही. मी काकांना विचारलं, मग त्यालाच का नाही दिलं मत? काका माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत म्हणाले, "अहो, त्याला मत देऊन बसलो आणि उद्या नगररचनावाले आले, तर फोन कुणाला करायचा?"